यष्टीमागची एकच जागा

संघात गोलंदाज चार-पाच असतात, यष्टिरक्षक मात्र एकच. ती जागा भरली की दुसऱ्याने जावे कुठे? इंग्लंडच्या खालच्या स्तरावरील फुटबॉलमध्ये कित्येक गोलरक्षक याच कारणाने क्लब बदलत राहतात. आपल्याकडे चंद्रकांत पंडितांची कारकीर्द या अंगाने पाहण्याजोगी आहे.

मुंबईचे पंडित १९८६ मध्ये लीड्सला पहिली कसोटी खेळले, पण फलंदाज म्हणून. यष्टीमागे किरण मोरे होते. मोरे ४९ कसोटी खेळले, पंडित ५. पुढे पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. १९९८-९९च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखालील हा संघ बंगळुरूत कर्नाटकाकडून हरला.

नंतर ते प्रशिक्षक झाले. पूर्वी कधीही रणजी करंडक न जिंकलेल्या विदर्भाने त्यांच्या हाताखाली तो २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा जिंकला. जून २०२२ मध्ये त्याच बंगळुरूत मध्य प्रदेशानेही तो प्रथमच मिळवला, तोही मुंबईला हरवून!

यष्टीमागे उभ्या राहणाऱ्याला गोलंदाजाची चाल, फलंदाजाचे पाय, क्षेत्ररक्षण असे सगळेच समोर दिसते. पंडितांची ही जाण पाच कसोटींच्या आकड्यात सापडत नाही. ती नागपूर-इंदूरच्या मुलांच्या खेळात सापडते.