ओंडक्यातलं बिऱ्हाड

अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये अजगर पाळणं आता फारसं नवलाचं राहिलेलं नाही. अर्थात हा आपल्याकडचा अजगर नव्हे. भारतीय अजगर काय किंवा स्टार कासव काय, घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. इथे गोष्ट आहे आफ्रिकेतून आलेल्या बॉल पायथनची. त्याची नोंद २०२४च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. नोंदणी होते, डॉक्टर होतात, माइट या रक्त पिणाऱ्या बारीक परजीवीला मारण्याचं औषधही होतं. तरी काही आठवड्यांत माइट परततात, साप पुन्हा पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बुडून बसू लागतो आणि औषधाच्या नावाने बोटं मोडली जातात.

खरं पाहायला हवं ते सापाच्या पेटीत ठेवलेल्या लाकडी ओंडक्याकडे. सापावरची माइट रक्त सापाचं पिते, पण अंडी घालायला मादी खाली उतरते आणि काळोखी, दमट फट शोधते. २५ ते ३० अंश तापमान आणि भरपूर ओल तिला मानवते. मुलुंडचा जुलै याहून वेगळा नसतो. औषध सापाच्या अंगावर पडतं, ओंडक्याच्या भेगेतली अंडी तशीच राहतात.

माइट निदान डोळ्यांना दिसते. क्रिप्टोस्पोरिडियम दिसत नाही. हा एकपेशीय परजीवी विष्ठेतून जाड कवचाच्या ऊसिस्टच्या रूपात बाहेर पडतो. त्यावर सापांमध्ये खात्रीचा इलाज नाही आणि ब्लीचलाही तो दाद देत नाही. १९९३मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात याच वंशाच्या परजीवीने, क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून, सुमारे चार लाख माणसं आजारी पाडली होती.

मग चालतं काय? उष्णता आणि कोरडेपणा. पण काचेला जे जमतं ते लाकडाला जमत नाही. काच साबणाने घासून विष्ठेचा कण न्‌ कण काढला की उकळतं पाणी तिच्यावर काम करतं. (थंड काचेवर एकदम ओतू नये, तडकेल.) लाकूड सच्छिद्र आणि उष्णतेचं मंद वाहक, वरचा थर तापला तरी गाभा थंडच. छोटा तुकडा पाण्यात बुडवून अर्धा तास उकळता येतो, पण स्वयंपाकाच्या पातेल्यात नव्हे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. उकळल्यावर तुकडा वाळायला हवा आणि पावसाळ्यात घाटकोपरच्या गॅलरीत लाकूड वाळेल म्हणता? जाड ओंडका सरळ टाकून द्यावा, हे माझं मत. औषध चालू असेपर्यंत पेटीत वर्तमानपत्राचा कागद आणि लपायला पुठ्ठ्याचा खोका पुरतो. दोन्ही रोज बदलता येतात.

फिनेल मात्र नको. त्याच्या वासाने आपल्याला स्वच्छ वाटतं, पण फिनॉलवर्गी द्रव्यं सापांना विषारी असतात. अमोनिया क्रिप्टोवर चालतो, पण तो ब्लीचमध्ये मिसळला की विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो माणसालाच आडवा करेल. घरात कासवही असेल तर आणखी एक सावधगिरी: सापाच्या माइटवर वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेतं.

टाकायचा ओंडका पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्यावा. बोरिवलीकरांनी तो राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणापलीकडे भिरकावू नये, कारण तिथल्या रानटी सापांना औषध द्यायला कोणी जात नाही.