डबे करणाऱ्या बायका

लंडनच्या साउथवर्क भागात मेटल बॉक्स कंपनीचा पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना होता. मार्गारेट हॅरिसन, के हंट आणि मेरी केली या तिघी कलावंतांनी 1973 ते 1975 या काळात तिथल्या दीडशेहून अधिक कामगार बायकांची माहिती गोळा केली आणि 1975 साली साउथ लंडन आर्ट गॅलरीत ‘विमेन अँड वर्क’ हे मांडणशिल्प उभं केलं. कारखान्यातल्या श्रमांवर गेल्या पन्नास वर्षांत झालेल्या मांडणशिल्पांचा मागोवा घेताना मला आजही हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

त्यामागे एक लढा होता. 1968 साली फोर्डच्या डॅगनम कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या 187 बायका संपावर गेल्या आणि त्यातून 1970 चा समान वेतन कायदा झाला. अंमलबजावणी मात्र 1975 च्या अखेरीस. मधली पाच वर्षं मालकांना तयारीसाठी मिळाली, आणि अनेकांनी तयारी केली ती कामांची नव्याने वाटणी करून. बायकांची कामं वेगळी, पुरुषांची वेगळी. मग समान कामाचा प्रश्नच उरत नाही.

ही चलाखी कुठल्याही चित्रात पकडता आली नसती. म्हणून या तिघींनी दालनात फोटोंसोबत वेतनाचे तक्ते, अहवालांच्या प्रती आणि ध्वनिफिती मांडल्या. दोन चित्रफिती शेजारी शेजारी चालत. एकीत यंत्रांवर काम करणारे पुरुष, दुसरीत तीच ती हालचाल करत राहणारे बायकांचे हात. त्याहून बोलके होते कामगारांचे दिनक्रम. पुरुषांच्या कागदावर कारखान्यातली कामं तासांप्रमाणे नोंदलेली. बायकांच्या कागदावर पाळीच्या आधी आणि नंतर स्वयंपाक, मुलं, धुणं, झाडलोट. ही कला कसली, असं कुणी विचारलं तर मी त्याला हे दिनक्रम एकदा सावकाश वाचायला सांगेन.

पुढे या वाटेवर बरंच काम झालं. हारून फारोकी यांनी 2006 साली कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची अकरा दशकांतली चित्रपटदृश्यं बारा पडद्यांवर मांडली. त्याच वर्षी चीनच्या फोशानमधल्या दिव्यांच्या कारखान्यात त्साओ फेइ यांनी ‘हूज युटोपिया’ हा व्हिडिओ केला. त्यात यंत्रांच्या रांगांमधून एक मुलगी बॅले नाचते, एक जण गिटार वाजवतो आणि शेवटी कामगार कॅमेऱ्याकडे बघत नुसते उभे राहतात. फार देखणं काम आहे ते. पण त्या मुलीला पगार किती मिळतो, ते त्यातून कळत नाही, आणि मला ते कळायला हवं असतं. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते यांनी 2012 साली मुंबईत थेट भिंतींवर चारकोलने कोळसा खाणीतली माणसं उभी केली. ते स्वतः खाणकामगारांच्या घरातले, त्यामुळे त्या माणसांचं ओझं त्यांना कुणाकडून समजून घ्यावं लागलं नाही.

साउथवर्कमध्ये कामांच्या वाटणीत जे घडलं त्याच्याशी मिळतंजुळतं मुंबईच्या गिरणगावात त्याआधीच घडून गेलं होतं. 1920 च्या दशकात इथल्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या हाताखाली. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. पुढच्या काळात मालकांना बायका महाग वाटू लागल्या, त्यात खात्यांची फेररचना झाली, आणि त्यांची संख्या घटत गेली. 1982 चा गिरणी कामगारांचा संप आठवताना आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतात, याचं एक कारण हेही आहे.

या बायकांचं काम मांडायचं तर कागद हवेत. घरात कुणा आजीचा गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी किंवा फंडाचा कागद असेल, तर कृपा करून तो रद्दीत टाकू नका. ती हयात असेल तर पाळीला जायच्या आधी आणि आल्यावर घरात काय काय करायची, तेही तिच्याकडून वेळ घालून लिहून घ्या.