खाऱ्या पाण्यातला एंजल : माल पारखूनच घ्या

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट व कुर्ला भागात शोभेच्या माशांचा धंदा करणारे आपले काही बंधू आहेत, काचेच्या टाक्या जोडणारे कारागीरही आहेत. गोड्या पाण्याच्या मालात नफा पातळ झाल्याची तक्रार आमच्या कानी येते. खाऱ्या पाण्याकडे वळू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती देत आहोत.

समुद्री एंजल दिसायला देखणे, पण मोठ्या जातींपैकी बहुतेक प्रवाळ व स्पंज कुरतडतात. जेनिकँथस गटातले एंजल पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपून पोट भरतात, म्हणून प्रवाळाला सहसा तोंड लावत नाहीत. त्यांतला लामार्क इंडोनेशिया, फिलिपाईन्सच्या समुद्रातला. अंगभर लांबट काळे पट्टे, शेपूट पाकोळीसारखे दुभंगलेले. नराचे पोटाखालचे पर काळे, मादीचे पांढरट. मादीचाच पुढे नर होतो, तेव्हा गिऱ्हाइकाला दोन नर एकत्र देऊ नका.

खरी मेख खरेदीत आहे. हा मासा खोल पाण्यातून घाईने वर आणला की पोटातली हवेची पिशवी बिघडते. मग तो डोके खाली घालून खाली जाण्याची सारखी धडपड करतो. असा एक मासा आम्हीही घेतला होता. "नवी जागा आहे, सवय होईल," असे दुकानदार म्हणाला. चौथ्या दिवशी मासा गेला. ऐब ठाऊक असून झाकणे हा हलाल धंदा नव्हे. मासा सरळ पोहतो का, समोर टाकलेले खातो का, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

कारागिरांनी 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टाकी धरावी. काठोकाठ सुमारे 450 लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच साडेचारशे किलोंवर वजन. स्टँड त्या हिशेबाने हवा. मासा उडी मारतो, म्हणून वर जाळी लागतेच. पितळी वा तांब्याचा भाग पाण्याला लागू देऊ नये. तांबे कोळंबी व प्रवाळाला घातक. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा.

आणि एक. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गुन्हा शाबीत झाल्यास किमान 3 वर्षे कैद. सजावटीला कृत्रिम खडकच द्या, आणि त्याची पावती जपून ठेवा.