चढाईचे मोल आणि गुणांचा तक्ता

डोळखांबसारख्या शहापूर तालुक्यातील गावात कबड्डीचा सामना रंगला, म्हणजे खरा चढाईपटू कोण हे ठरविण्यास प्रेक्षकांना आकडेमोड लागत नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून मात्र चढाईगुण आणि यशस्वी चढायांची टक्केवारी हेच प्रमाण मानले जाऊ लागले आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकसाठी 1973 पासून असेच एक सूत्र वापरले जाते. साध्य झालेल्या फेकी, यार्ड, टचडाऊन आणि प्रतिपक्षाने पळविलेल्या फेकी यांवरून काढलेला हा गुणांक 158.3 च्या वर जात नाही. त्यात क्वार्टरबॅकची स्वतःची धाव धरली जात नाही. झेलणाऱ्याचे कसब मात्र त्याच्याच खात्यावर जमा!

कबड्डीचा तक्ताही असाच आंधळा आहे. अखेरच्या मिनिटात आघाडी राखण्यासाठी तीस सेकंद खेळवून रिकाम्या हाताने परतणारा गडी सामना जिंकून देतो. तक्त्यात ती चढाई निष्फळ ठरते. समोर सात रक्षक असोत की दोन, एका गड्याला स्पर्श केल्याचा गुण एकच. शिवाय दोन निष्फळ चढायांनंतरच्या ‘करा वा मरा’ चढाईवर ज्याला धाडतात, तो अधिक वेळा बाद होणारच. केवळ टक्केवारी वाचणारी निवड समिती नेमक्या अशाच मुलाला वगळील. तक्त्यात समोरील रक्षक, गुणफरक आणि उरलेला वेळ असे तीन रकाने वाढविण्यास पेन्सिलीपलीकडे खर्च नाही.