'नको'ची रूपे: निषेधाच्या आज्ञेविषयीचे काही गैरसमज

आज्ञार्थी क्रियापदाला नकार जोडला की निषेधाची आज्ञा तयार होते, हा समज स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला प्रथम फसवतो. 'आब्ला' म्हणजे 'बोल' हे खरे. परंतु 'बोलू नकोस' यासाठी 'नो आब्ला' नव्हे, तर 'नो आब्लेस' म्हणतात, म्हणजेच नकार येताच नियमित धातूच्या प्रत्ययातील 'आ'चा 'ए' होतो आणि 'कोमे' (खा) याचे 'नो कोमास' होताना उलट 'ए'चा 'आ' होतो.

मराठीतही 'न बोल' चालत नाही. धातूला 'ऊ' हा प्रत्यय लागून 'बोलू', 'जाऊ', 'देऊ' अशी रूपे होतात आणि आज्ञेचा सगळा भार पुढच्या 'नको'वर पडतो. हा शब्द अव्यय आहे, असे अनेकांना वाटते; वस्तुतः तो क्रियापदासारखा चालतो, कारण 'तू जाऊ नको' किंवा 'नकोस' आणि 'तुम्ही जाऊ नका' असा वचनाप्रमाणे व आदराप्रमाणे त्याचा पालट होतो, तर 'मला ही पुस्तके नकोत' येथे, आज्ञा नसून केवळ नावड सांगायची असताना, तो वस्तूंच्या वचनाला अनुसरतो.

'नये' हे 'नका'चे अधिक आदरार्थी रूप होय, हा समजही बरोबर नाही. 'तुम्ही जाऊ नका' ही समोरच्याला केलेली आज्ञा आहे, तर 'मुलांनी विहिरीजवळ जाऊ नये' हा सर्वांना लागू होणारा संकेत आहे. म्हणूनच पहिल्या वाक्यात कर्ता प्रथमेत राहतो आणि दुसऱ्यात तृतीयेत जातो. सूचनाफलकावर 'नये' शोभते ते यामुळेच.

दख्खनी उर्दूतील 'नक्को'वरून मराठीने 'नको' घेतला, हा तर्क मात्र पूर्णपणे उलटा आहे. ज्या दख्खनेत पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) वसले, तेथे फारसी आणि मराठी शेजारी नांदत असताना दख्खनीनेच हा शब्द मराठीकडून उचलला. त्याआधी दोन शतके, शके 1212 मध्ये, याच जिल्ह्यातील नेवाशात सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत निषेधासाठी 'झणें' हा शब्दही येतो. तो आज बोलण्यातून गेला आहे. देशावरच्या ग्रामीण बोलीतले 'नगं' हेही 'नको'चेच रूप असून त्याला अशुद्ध ठरवण्यास आधार नाही. मराठी शिकवणाऱ्यांनी 'नको' हा सुटा शब्द म्हणून न सांगता क्रियापदाच्या तक्त्यातच, त्याच्या सर्व रूपांसह, शिकवावा.