रात्री अकरानंतर गरम वडा विकायचा असेल तर

इंग्लंडमधल्या कुठल्याही मध्यम शहरात शुक्रवारी रात्री पब सुटले की गर्दीतला मोठा भाग टॅक्सीआधी कबाबच्या दुकानाकडे वळतो. काचेआड उभ्या सळईवर डोनरचं मांस फिरत असतं, तळणीतून चिप्सचा घाणा निघत असतो आणि रांग फुटपाथवर आलेली असते. कितीतरी टेकअवेंचा आठवड्याचा खरा गल्ला या दोन-तीन तासांतच जमतो. दुकानाच्या वरच्या खोलीत राहणाऱ्यांची झोपही याच वेळात मोडते. दुकान किती वाजेपर्यंत चालू ठेवायचं आणि कोणत्या अटींवर, हे तिथे स्थानिक कौन्सिल ठरवतं. ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटनच्या शहरांत आता वडापावही मिळतो, आणि आपली कितीतरी मुलं शिकता शिकता अशाच दुकानांच्या काउंटरमागे उभी असतात किंवा अशाच दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहतात.

इंग्लंड आणि वेल्ससाठीचा कायदा आहे २००३ चा लायसन्सिंग अॅक्ट. तो नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.) त्याआधीही रात्रीच्या खाण्यावर नियंत्रण होतंच, अशा उपाहारगृहांसाठीचा एक कायदा तर १८६० सालचा होता. पण दारू, करमणूक आणि रात्रीचं गरम खाणं या तिन्हींचे परवाने २००३ च्या कायद्याने एका छताखाली आणले, आणि त्यांतले दारूचे परवाने कोर्टाच्या हातून काढून नगरसेवकांच्या हाती दिले.

रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय पुरवायचं असेल, तर परवाना लागतो. ते जागेवर खायचं की घरी न्यायचं, याने फरक पडत नाही. आता गरम म्हणजे काय? कोमट नव्हे, ताजं नव्हे. गरम खाता यावं म्हणून तापवलेला आणि देतेवेळी भोवतालच्या हवेपेक्षा जास्त तापमानाचा असलेला पदार्थ. म्हणजे नऊ वाजता तळून काचेच्या गरम कपाटात ठेवलेला वडा साडेअकराला दिला तरी तो गरमच. वडा पूर्ण गार करून विकला तर परवाना नको. पण तोच गार वडा गिऱ्हाइकाला दिल्यावर तापवून घ्यायला दुकानात मायक्रोवेव्ह ठेवलेला असेल, तर कायद्याच्या लेखी तो पुन्हा गरम झाला.

घड्याळाचा नियमही असाच काटेकोर आहे. पैसे कधी घेतले हे बघत नाहीत, पुडी हातात कधी दिली हे बघतात. दहा पंचावन्नला ऑर्डर घेतली, पैसे घेतले आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी वडापाव दिला, तर ती विक्री परवान्याच्या वेळेतली. ‘शटर अर्धं खाली ओढलंय, आता फक्त घरपोच ऑर्डर देतो’ ही पळवाटही चालत नाही, कारण कायदा जागेवर दिलेल्या आणि जागेवरून पुरवलेल्या, दोन्ही खाण्यांना लागू आहे.

सवलती आहेत, आणि आपल्या मंडळांना त्या माहीत असाव्यात. पूर्णपणे फुकट दिलेल्या खाण्याला परवाना लागत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने दिलेल्या खाण्यालाही नाही. गणेशोत्सवात आरती लांबली आणि साडेअकराला गरम प्रसाद वाटला तर काळजीचं कारण नाही. मात्र हॉलमध्ये शिरायला तिकीट लावलं असेल, तर आतलं खाणं नुसतं फुकट म्हणून सुटत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात रात्री अकरानंतर कोणी मिसळीचा स्टॉल लावणार असेल, तर तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यायची. शुल्क २१ पौंड, सूचना कामकाजाच्या १० दिवस आधी, एका वेळी ४९९ पर्यंत माणसं. हे काम मार्गी लावायला खजिनदाराची एक संध्याकाळ पुरते.

दुकानासाठी मात्र कायमचा परवाना हवा. समजुतीसाठी एक दुकान कल्पू. लेस्टरमधल्या एका वर्दळीच्या रस्त्यावर एका मराठी जोडप्याने वडापाव, खिमापाव आणि चहाचं छोटं टेकअवे काढलं आहे. त्यांना शुक्रवारी-शनिवारी रात्री २ पर्यंत आणि बाकी दिवशी १२ पर्यंत दुकान चालवायचं आहे.

अर्जाच्या आधी त्यांनी एक कागद तपासायला हवा, आणि नेमका तोच बहुतेकांच्या ध्यानातून सुटतो: जागेची बांधकाम-वापराची परवानगी. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून गरम खाण्याचं टेकअवे हा स्वतंत्र वापर मानला जातो. कपड्याच्या दुकानाच्या जागी परस्पर तळणी मांडता येत नाही, त्यासाठी नियोजन विभागाची परवानगी लागते. आणि त्या परवानगीत ‘रात्री ११ ला बंद’ अशी अट असेल, तर लायसन्स २ पर्यंतचं मिळूनही दुकान अकरालाच बंद करावं लागतं. दोन्हीकडे वेळ वेगळी असेल तर आधीची वेळ पाळायची. एकाच इमारतीतल्या दोन विभागांनी दोन वेळा द्याव्यात हे दुकानदाराला अन्यायाचं वाटतं. माझ्या मते ते तसं नाही. नियोजन विभाग जागेचा विचार करतो आणि लायसन्स विभाग ती चालवण्याच्या रीतीचा. पण हे दुकानदाराला भाडेकरार करण्याआधी कोणीतरी सांगायला हवं, सही झाल्यावर नाही.

खाद्यव्यवसायाची नोंदणी वेगळी. ती फुकट आहे आणि धंदा सुरू करण्याच्या २८ दिवस आधी करायची असते. स्वच्छतेचे ० ते ५ गुण त्यातून पुढे येतात. त्या गुणांचा रात्रीच्या परवान्याशी थेट संबंध नाही.

आता अर्ज. त्यात जागेचा नकाशा लागतो: स्वयंपाकघर कुठे, बाहेर पडायचे रस्ते कुठे, आग विझवायची साधनं कुठे. अर्ज करणाऱ्याला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आहे का, हे एप्रिल २०१७ पासून तपासतात. (काउंटरमागे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी, पदवीच्या शिक्षणासाठी आलेल्यांना सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासांचीच मुभा असते, आणि ती मोडल्याचा फटका विद्यार्थी आणि मालक दोघांनाही बसतो.) शुल्क जागेच्या करपात्र मूल्यावरून ठरतं. मूल्य ४,३०१ ते ३३,००० पौंड असेल, आणि लहान टेकअवे बहुधा याच टप्प्यात बसतात, तर अर्जाला १९० पौंड आणि पुढे दरवर्षी १८० पौंड. २००५ साली ठरलेले हे आकडे वर्षानुवर्षं तसेच राहिले. दारूसाठी लागतो तसा माणसाच्या नावाचा वेगळा परवाना इथे लागत नाही.

अर्जाचा गाभा आहे तो चालवण्याचा आराखडा. चार उद्दिष्टं समोर ठेवून तो लिहायचा: गुन्हे आणि दंगामस्ती रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांना अपायापासून जपणं. कौन्सिलचा पुढचा सगळा विचार या चार चौकटींतच होतो. इथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य पुढे परवान्याची अट बनू शकतं, म्हणून ते मोजूनमापून लिहावं. ‘आम्ही शेजाऱ्यांची पूर्ण काळजी घेऊ’ या वाक्याचा कोणालाच उपयोग नाही, कारण ते पाळलं की मोडलं हे सांगता येत नाही. त्याऐवजी आमचं जोडपं लिहू शकतं: ‘रात्री ११ नंतर मागचं दार माल आणण्या-नेण्यासाठी उघडणार नाही. दुकान बंद केल्यावर दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंतचा कागद आणि खोकी उचलू. कॅमेऱ्याचं चित्रण ३१ दिवस जपून ठेवू आणि पोलिसांनी मागितलं तर देऊ. घरपोच नेणारे दुकानात थांबतील, गाडीचं इंजिन चालू ठेवून रस्त्यावर नाही.’ असं लिहिलेला अर्ज पोलिस आणि पर्यावरण-आरोग्य अधिकारी वेगळ्या नजरेने वाचतात. मात्र जे जमणार नाही ते लिहू नये. शनिवारी रात्री दारावर सुरक्षारक्षक ठेवू म्हटलं, तर तो पगारी आणि सरकारी परवाना असलेलाच ठेवावा लागतो.

अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस मोजायला लागतात. दुकानाच्या दर्शनी भागावर फिकट निळ्या कागदाची नोटीस लावायची: ए-४ किंवा त्याहून मोठी, काळ्या अक्षरांत, १६ च्या खाली अक्षर नाही. शिवाय पहिल्या दहा कामकाजी दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. ही जाहिरात लहान दुकानदारावर अन्याय आहे असं मी ठामपणे म्हणेन. कित्येकदा तिचं बिल अर्जाच्या शुल्कापेक्षा जास्त होतं आणि शेजारपाजारचे लोक ती वाचत नाहीत. काचेवरचा निळा कागद मात्र सगळे वाचतात. बस थांब्यावर उभा असलेला माणूस वाचतो, वरच्या मजल्यावरची आजी वाचते.

या २८ दिवसांत पोलिस, अग्निशमन, पर्यावरण-आरोग्य, नियोजन, बालसंरक्षण असे ठरावीक विभाग आपलं म्हणणं मांडू शकतात. आणि कोणीही नागरिक मांडू शकतो. पूर्वी नागरिकांपैकी मुख्यतः दुकानाच्या आसपास राहणाऱ्यांना किंवा धंदा करणाऱ्यांना हा हक्क होता. ती अट २०१२ साली काढली. म्हणणं लेखी हवं, मुदतीत हवं आणि चार उद्दिष्टांपैकी एकाशी तरी जोडलेलं हवं. ‘या रस्त्यावर आधीच पुरेशी दुकानं आहेत’ किंवा ‘माझ्या धंद्यावर परिणाम होईल’ हे मुद्दे बाद होतात. ‘घरांच्या किमती उतरतील’ हाही बाद. वजन पडतं ते अशा पत्राला: ‘माझ्या मुलाची खोली या दाराच्या बरोबर वर आहे. आधीचं दुकान उशिरापर्यंत चालायचं तेव्हा शनिवारी दीड ते अडीचच्या दरम्यान रांगेतल्या आरडाओरड्याने तो उठायचा. सोबत तारखा जोडल्या आहेत.’ तारखा, वेळा आणि शक्य असेल तर कौन्सिलकडे आधी केलेल्या तक्रारींचे क्रमांक हे शेजाऱ्याचं खरं बळ आहे. पत्र लिहिणाऱ्याचं नाव साधारणपणे अर्जदाराला कळतं. धमकीची खरीच भीती असेल, तर कौन्सिलला ते झाकता येतं.

कोणीच काही म्हटलं नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. अर्जात लिहिलेल्या अटींसकट, पण द्यावाच लागतो. हे रहिवाशांना माहीत नसतं आणि मग ‘कौन्सिलने आम्हाला विचारलंच नाही’ असा राग निघतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये, जिथे सोहोसारखा रात्रभर जागा राहणारा भाग येतो, कौन्सिलने काही रस्ते आधीच गर्दीने भरलेले म्हणून जाहीर केले आहेत. तिथे नव्या अर्जाविरुद्ध झुकतं माप असतं आणि आपल्या दुकानाने त्रासात भर पडणार नाही, हे अर्जदारालाच पटवावं लागतं. पण तिथेही कोणाचं तरी म्हणणं आल्याशिवाय कौन्सिल स्वतःहून अर्ज फेटाळू शकत नाही.

म्हणणं आलंच, तरी सुनावणीपर्यंत जावं लागतंच असं नाही. पोलिसांनी फोन करावा, ‘दोनऐवजी दीड करता का, आणि कॅमेरा दारावरही लावता का’ असं विचारावं, दुकानदाराने मान्य करावं आणि पोलिसांनी आपलं म्हणणं मागे घ्यावं, असं पुष्कळदा होतं. माझा सल्ला विचाराल तर आमच्या जोडप्याने पत्र लिहिणाऱ्या शेजाऱ्याचं दारही वाजवावं. सोबत खाण्याची पिशवी नको, अर्जाची प्रत न्यावी.

जमलं नाही तर तीन नगरसेवकांची उपसमिती बसते. खोली कौन्सिलच्या इमारतीतली, समोर माइक, एका बाजूला अर्जदार, दुसरीकडे शेजारी आणि मधे समितीला कायदा सांगणारा वकील. वकील नेण्याची सक्ती कोणावरच नाही. समिती परवाना देऊ शकते, वेळ कमी करू शकते, अटी घालू शकते किंवा नाकारू शकते. पण निर्णयामागे पुरावा हवा. २००८ सालच्या डॅनियल थ्वेट्स विरुद्ध विरल मॅजिस्ट्रेट्स कोर्ट या खटल्यात हायकोर्टाने नेमकं हेच सुनावलं: एका पबची वेळ पुराव्याऐवजी नुसत्या अंदाजावर कमी केली होती आणि तो निर्णय टिकला नाही. ‘त्रास होईलसं वाटतं’ एवढ्यावर कोणाचा धंदा आवळता येत नाही. निर्णय मान्य नसेल तर अर्जदार किंवा म्हणणं मांडणारा शेजारी, कोणीही २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकतो.

परवाना मिळाला की तो मुदतीचा नसतो, चालू राहतो. वार्षिक शुल्क थकलं तर मात्र स्थगित होतो. आणि त्रास सुरू झाला, तर शेजारी किंवा पोलिस केव्हाही फेरतपासणी मागू शकतात. तेव्हा वेळ कमी होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत स्थगिती येऊ शकते किंवा परवाना रद्दही होऊ शकतो. परवान्याशिवाय किंवा अटी मोडून विक्री केली तर अमर्याद दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

चालू दुकान विकत घेणाऱ्यांनी एवढं करावं: जुन्या मालकाकडून परवान्याची पूर्ण प्रत मागावी, भिंतीवर लावलेला एका पानाचा सारांश पाहून थांबू नये. परवाना नावावर करून घ्यायला २३ पौंड लागतात, पण अटी जशाच्या तशा नव्या मालकाकडे येतात, दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलेला दारावरचा रक्षकसुद्धा. परवानाधारक वारला किंवा दिवाळखोर झाला तर परवाना संपतो, आणि तो वाचवायला हस्तांतरणाचा अर्ज किंवा अंतरिम सूचना २८ दिवसांच्या आत द्यावी लागते. घरात दुःख असताना ही तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ती आधीच परवान्याच्या पाकिटावर लिहून ठेवावी.