दोन पाटकरी, पण एका खोपीत नकोत



उसाचा माणूस संगणकावर का बोलतो? वजनकाट्यावरचा संगणक अडला की गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, तोटा आपलाच.

पुष्कळदा काटा ठीक असतो. जाळ्यातल्या यंत्रांना क्रमांक वाटणारा डीएचसीपी सर्व्हर बंद पडलेला असतो. हा म्हणजे पाळी लावणारा पाटकरी. क्रमांक मुदतीचा असतो. निम्मी मुदत सरली की यंत्र वाढवून मागते. पाटकरी भेटलाच नाही, तर मुदत संपताच काम थांबते.

म्हणून सर्व्हर दोन हवेत. दोघांनी नोंदी जुळवत राहाव्यात, नाहीतर क्रमांक आधीच वाटून घ्यावेत. शेकडा ८० एकाकडे, २० दुसऱ्याकडे. एकच क्रमांक दोन यंत्रांना गेला, तर पाण्यासारखीच भांडणे!

दोन्ही एकाच खोलीत मात्र नकोत. महाड तालुक्यातले दासगाव आठवा. जुलै २००५ मध्ये तिथे दरड कोसळली, माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडाले. अशा वेळी शेजारी ठेवलेली जोडी एकदमच जाते. दुसरा सर्व्हर वेगळ्या इमारतीत, उंचावर, वेगळ्या विजेवर ठेवावा.

आणि गळिताआधी एक दिवस पहिला मुद्दाम बंद करून बघावा. बैल जुंपल्याशिवाय कळत नाही.